सैनिक नसलेली डिव्हिजन

मेजर जनरल अलास्टर प्रिंगल यांच्या डिव्हिजनकडे सगळं होतं. भारदस्त नाव होतं, बाहीवर शिवायचं रानकोंबडीचं चिन्ह होतं, नाक्यानाक्यावर पाट्या होत्या. फक्त सैनिक नव्हते. स्कॉटलंडमधल्या त्या गावात, एका उमरावाच्या रिकाम्या घरात मूठभर मुली वायरलेसवर बसून दिवसभर खोटे संदेश पाठवत. अमक्या बटालियनला बर्फातले बूट हवेत, तमकीने फुटबॉलचा सामना जिंकला; सामन्यांच्या बातम्या तर पेपरातही छापून आणत. समुद्रापलीकडे जर्मन ते ऐकत आणि नॉर्वेवर हल्ला होणार म्हणून आपली फौज तिथेच अडकवून ठेवत. जनरलसाहेबांचं काम एवढंच, की छाती काढून गावात मिरवायचं आणि खऱ्याचा चकार शब्द काढायचा नाही.

हे सगळं त्यांनी मुकाट्याने चालवलं होतं. पण १९४४च्या जुलैत त्यांची बायको हेस्टर न कळवता येऊन धडकली.

"एवनच्या ब्रिगेडचं कळलं तुला?" हॉटेलच्या जेवणघरात बसल्या बसल्या तिने विचारलं. एवन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, नॉर्मंडीत लढत होता.

"कळलं."

"निम्मी माणसं गेली. उरलेल्यांना मागे आणायचं तर त्यांच्या जागी पाठवायला कुणी नाही म्हणे. आणि तू इथे अख्खी डिव्हिजन घेऊन बसलायस. अंडी उबवतोयस का?"

शेजारच्या टेबलावरच्या पाद्रीबाबांचा चमचा सूपमध्येच राहिला.

"हळू बोल, हेस्टर."

"का? तुझे जवान दचकतील?"

"माझी माणसं अजून तयार नाहीत."

"फुटबॉल खेळायला बरी तयार असतात. येताना पेपरात वाचलं मी."

माझ्याकडे माणसंच नाहीत गं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मला तरी पाठवा, हवं तर शंभरेक जवानांच्या एका कंपनीवर पाठवा, म्हणून त्यांनी लंडनच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. शत्रूने तुमचं नाव नॉर्वेच्या खात्यात मांडलंय, तुम्ही फ्रान्समध्ये दिसलात तर सगळं बिंग फुटेल, असं उत्तर आलं होतं. यातलं काहीच सांगता येत नव्हतं. ते ताटातल्या हेरिंग माशाचे उगाच बारीक तुकडे करत राहिले.

"तिकडे जायला तू मागणी तरी केलीस का?" हेस्टरचा आवाज खाली आला. "ते नाही म्हणाले असतील, तर मी गप्प बसते."

हो म्हटलं, तर का नाकारलं हा पुढचा प्रश्न आला असता. "नाही केली," ते म्हणाले.

"तू भित्रा नव्हतास रे," ती म्हणाली. मग उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने उद्या सकाळच्या गाडीची चौकशी केली.

सकाळी लंडनहून कर्नल लाइलचा फोन आला. हे सगळं नाटक रचणारा माणूस तोच.

"सर, बाईसाहेबांनी कमाल केली. काल आमचा एक माणूस तिथे जेवत होता. अख्खं गाव तुमच्या डिव्हिजनला शिव्या घालतंय म्हणे. आता ती डिव्हिजन आहे की नाही, अशी शंका कुणाला येणार? बर्लिनपर्यंत हे पोचेल, ती सोय झालीय. फक्त बाईसाहेबांना अजून आठवडाभर ठेवून घ्या आणि चारचौघांत असंच बोलू द्या."

"ती माझी बायको आहे, लाइल."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. हुकूम वरून आलाय, सर."

"आणि तिला खरं कधी सांगायचं?"

"लढाई संपल्यावर."

स्टेशनवर पोचेपर्यंत जनरल लाइलवर चरफडत होते. त्याहून जास्त स्वतःवर, कारण तिला थांबवायला निमित्त मिळालं म्हणून त्यांना आतून बरं वाटत होतं. गाडी उभीच होती. हेस्टर खिडकीत बसली होती.

"उतर, हेस्टर. जाऊ नकोस."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी अशी विनवणी केली नव्हती. तिचा चेहरा निवळला. तिने बॅग त्यांच्या हातात दिली, खाली उतरली आणि त्यांचा दंड धरला.

"मला वाटलंच होतं," ती हळूच म्हणाली. "काहीतरी आहे. काल चारचौघांत तुला बोलता आलं नाही. आता सांग."

गाडी सुटली. फलाटावर दोघंच उरले. ती वाट पाहत होती.

"हॉटेलवर चल," जनरल म्हणाले. "सगळ्यांबरोबर जेवू."