रश्मीच्या लग्नाची डिस्क

नगरला तारकपूरच्या एसटी डेपोत मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. हेडलाइट, वायपर, हॉर्न, सेल्फ, सगळं स्वतः चालवून बघितल्याशिवाय एक गाडी मी बाहेर सोडली नाही. ड्रायव्हर वैतागायचे, मागून 'परीक्षक' म्हणायचे. म्हणू देत. तर असा हा परीक्षक नव्याण्णव साली दिवाळीनंतर श्रीमंतच्या दुकानातून व्हीसीडी प्लेअर घेऊन आला, तो एकदाही चालवून न बघता. हसायचं असेल तर हसा.

कारण माझ्या शर्टाच्या आत होतं. पोस्टानं आलेली एक डिस्क, पाकिटावर रश्मीचं अक्षर. रश्मी माझी एकुलती एक मुलगी. तिची आई भागिरथी ती बारावीला असताना गेली. तेव्हापासून केडगावच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. पुढं तिला पुण्याला एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि पुण्यातच केदारशी तिचं जमलं. केदार पुणतांब्याचा. त्याचे वडील नृसिंहराव निवृत्त मास्तर, घराण्यात भिक्षुकी. आम्ही छप्पन्न सालापासून बौद्ध. दर चौदा एप्रिलला केडगावच्या स्टेजवरून, जात मोडायची तर पोरांची लग्नं जातीबाहेर झाली पाहिजेत, असं घसा फोडून सांगणारा मीच. पण घरात प्रसंग आला तेव्हा मी अट घातली. आधी मुलाच्या बापानं माझ्या घरी यावं, माझ्या घरच्या कपातून चहा प्यावा, मग मी लग्नाला येईन.

नृसिंहराव आले नाहीत. रश्मी म्हणाली, "बाबा, ते येवोत न येवोत. तुम्ही तर माझे आहात ना?"

"ते आले न्हाईत तर मीबी येनार न्हाई. आता त्यांनाच बाप म्हन," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं. तिनं पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली.

मे महिन्यात लग्नाच्या दिवशी मी नवा पांढरा शर्ट घातला आणि पुण्याची गाडी पकडली. शेजाऱ्यांना दाखवायचं होतं हे खरं, पण मनातून जायचंही होतं. शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरलो. हॉल तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. पण पाय उचलेना. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं, पुढच्या खुर्च्यांवर नृसिंहराव आणि त्यांचा सगळा गोतावळा बसलाय, आणि मी उपऱ्यासारखा दारात उभा आहे. स्टँडच्या बाकड्यावर बसलो तो संध्याकाळपर्यंत बसूनच राहिलो. परत आल्यावर केडगावात सगळ्यांना सांगितलं, लग्न झकास झालं. जिलेबी कशी कुरकुरीत होती तेही सांगितलं.

त्यानंतर सहा महिने रश्मीचा ना फोन, ना पत्र. मीही केला नाही. सकाळी दोन भाकरी थापायच्या, एक खायची, दुसरी संध्याकाळपर्यंत कडक व्हायची. एकच थापावी म्हटलं तर हाताला सवय दोनाचीच. टीव्ही लावून ठेवायचो, बघायचो नाही. घरात कुणीतरी बोलत असलं म्हणजे बरं वाटतं.

आणि मग ही डिस्क आली. सोबत एका ओळीची चिठ्ठी. "लग्नाची आहे. बघा."

श्रीमंतचं दुकान चितळे रोडला. चाळिशीचा, बोलका माणूस. नुसता बल्ब घ्यायला गेलात तरी फ्रिज कसा चालतो ते ऐकवून पाठवणारा. त्यानं माझ्यासमोर पाच मशिनं मांडली. एकात तीन डिस्का एकदम बसतात, एकात गाणं म्हणायला माइक लागतो.

"माइक काय करायचाय? घरात मी एकटा हाय."

"मग हे साधं घ्या, काका. आणि डीव्हीडी म्हणून नवीन निघालंय, त्याची डिस्क दिसायला अश्शीच, पण ती यात चालत नाही बरं का. जपानात तर म्हणे टीव्हीवरचं घरीच डिस्कवर उतरवून घ्यायचं यंत्र येतंय. आपल्याकडे यायला वेळ आहे. तुम्हाला बघायचंय काय?"

"पिक्चर."

"डिस्क आणलीय? लावून दाखवतो की."

दुकानातल्या मोठ्या टीव्हीपुढं पाच-सहा माणसं मॅच बघत उभी होती. त्यातलं एखादं केडगावचं निघायचं. लग्नात मी नाही हे दिसलं, की जिलेबीसकट सगळं बाहेर यायचं.

"न्हाई आनली," मी म्हणालो. पाकिटाचा कोपरा छातीला टोचत होता.

घरी येऊन दार लावलं, वायरी जोडल्या, डिस्क घातली. आत थोडी घरघर झाली आणि मशीनवर अक्षरं आली, नो डिस्क. काढली, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली, परत घातली. नो डिस्क. झाकण उघडून भिंग साफ केलं. एकतीस वर्षं वायरिंग केलेला माणूस मी, पण ते मशीन माझी डिस्क बघायलाच तयार नाही. तीन दिवस मी हेच करत होतो. तिसऱ्या दिवशी मनात आलं, पोरीनं मुद्दाम कोरी डिस्क पाठवली असेल. तुम्ही आला नाहीत, तेव्हा तुमच्यासाठी यात काही नाही, असं सांगायला. ते मनात आलं आणि मी जेवायचाच थांबलो. लाज सोडून मशीन आणि डिस्क पिशवीत घातली आणि श्रीमंतकडं गेलो.

दुपारी दुकानात गर्दी नसेल असा हिशेब होता. गर्दी नव्हतीच. फक्त गोरक्ष होता. गोरक्ष आमच्या डेपोतला कंडक्टर, केडगावलाच चार घरं सोडून राहणारा, इस्त्री दुरुस्तीला घेऊन आलेला. मी मागं फिरणार तोच त्यानं हाक मारली.

"बन्सीदादा! या की. काय आनलं?"

आता पळून जाण्यात अर्थ नव्हता. श्रीमंतनं डिस्क हातात घेतली, उलटी केली आणि लगेच मान हलवली.

"काका, ही तर लिहिलेली डिस्क आहे. फॅक्टरीतून छापून येते ती खालून चांदीसारखी पांढरी असते. ही बघा, निळसर हिरवी. कॉम्प्युटरवर लिहिलीय कुणीतरी. हिच्यावरून उजेड कमी परततो. तुमच्या मशीनच्या भिंगाला ती दिसतच नाही."

"म्हंजे कोरी न्हाई?"

"छे! कोरी कशाला असेल? वळं दिसतंय की लिहिल्याचं. त्या दिवशी आणली असती तर तेव्हाच सांगितलं असतं."

केदार कॉम्प्युटरच्या कंपनीत होता हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं. कोरी नाही, एवढ्यानंच माझे डोळे भरले, ते मी इस्त्रीकडं बघून लपवले.

श्रीमंतनं डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घातली. नो डिस्क. तिसऱ्यात घरघर झाली, थांबली, आणि मोठ्या टीव्हीवर रश्मी आली.

पांढरी साडी, केसात मोगरा. मागं टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, दोन मेणबत्त्या. शेजारी केदार. हडकुळा, चष्मेवाला, सारखा घाम पुसणारा. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

"अरं, ही तर आपली रश्मी!" गोरक्ष स्टूल ओढून बसला.

कॅमेरा हॉलभर फिरला. मी नृसिंहरावांचा गोतावळा शोधत होतो. पन्नास-साठ खुर्च्या मांडलेल्या, आणि माणसं दहा-बारा. सगळी पोरंपोरी, लॅबमधली असतील. पुढची ओळ रिकामी. दोन्ही बाजूंची.

बौद्धाचार्य म्हणाले, "वधूवरांच्या आईवडिलांनी पुढे यावे." कुणी उठलं नाही. त्यांनी परत म्हटलं. तेव्हा रश्मी स्वतःच चालत हॉलच्या कोपऱ्यात गेली. तिथं केरसुणी टेकवून एक म्हातारी बसली होती. "गोजरबाई, तुम्ही या," असं म्हणून तिनं म्हातारीला हाताला धरून पुढं आणलं. म्हातारी 'अगं मी कशी, अगं मी कशी' म्हणत होती. रश्मी तिच्या पाया पडली. केदारही पडला.

माझ्या मानेवर गोरक्षची नजर मला कळत होती.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुमी कुठं दिसंना ह्यात?"

"मी शूटिंग करत हुतो," मी म्हणालो. "कॅमेरा माज्याकडंच हुता."

"व्हय व्हय. मंग कसं दिसनार," गोरक्ष म्हणाला. भला माणूस, लगेच पटलं त्याला. श्रीमंतनं मात्र एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर टीव्हीकडं वळवली.

लग्न लागलं. फुलं उडाली. जिलेबी नव्हतीच, द्रोणात पेढा आणि चिवडा होता. मग रश्मी एकटी कॅमेऱ्यापुढं येऊन उभी राहिली. मागं कुणीतरी खुर्च्या आवरत होतं.

"बाबा," ती म्हणाली.

दुकानात गोरक्ष बसल्या जागी सरळ झाला.

"बाबा, केदारच्या घरचंही कोणी आलं नाही. लग्नाची वेळ अकराची होती, मी दोन वाजेपर्यंत सगळं थांबवून ठेवलं. सगळे विचारत होते. मी सांगितलं, नगरहून येणारी गाडी रस्त्यात बंद पडली असेल. माझे बाबा एसटीत होते. दुसऱ्या गाडीत बसून ते येणार नाहीत, उतरून तीच गाडी चालू करतील आणि तिच्यातल्या सगळ्या माणसांना घेऊनच येतील. म्हणून उशीर होतोय." ती हसली. "सगळ्यांना खरं वाटलं, बाबा. मलासुद्धा थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं."

श्रीमंतनं हळूच रिमोट उचलला. "काका, आवाज कमी करू?"

"नको," मी म्हणालो. "ऱ्हाऊ द्या. आयकू द्या त्याला."

गोरक्ष खाली मान घालून इस्त्रीची वायर हाताला गुंडाळत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी साडेधालाच पोचली हुती, गोरक्ष. कुठंबी बंद पडली न्हाई. मी शिवाजीनगरला बाकड्यावर बसलो हुतो. ती दोन वाजेपत्तुर वाट बघत हुती, तवाबी मी तिथंच हुतो."