माझ्यातले बाबा उठत नाहीत

मित्रांनो, खेळ म्हटला की तुम्हाला जिंकायचं असतं. माझ्यात कोणी जिंकत नाही, आणि बहुधा म्हणूनच मला आता कोणी उघडत नाही. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत, खिडकीखालच्या संगणकात माझा मुक्काम असतो. संगणकही माझ्याच वयाचा, सुरू होताना म्हाताऱ्यासारखा खोकतो. तुमच्यातलं कोणी चुकून माझ्यावर टिचकी मारतं, "यात गाड्या नाहीत?" असं विचारतं आणि मला बंद करतं. खरं तर एक गाडी आहे. पण तिथवर येण्याइतका धीर कोणाला असतो?

जिने मला घडवलं तिला मी ताई म्हणतो. ताई जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, नावही मुलाचं ठेवलं. ताईला मात्र कळू लागल्यापासून ठाऊक होतं की आपण मुलगी आहोत. तोवर कोणाचं काही चुकलं नव्हतं. मूल बोलल्याशिवाय मोठ्यांना कळणार तरी कसं? चुकलं ते पुढे, ताई बोलल्यावर. तिला घर सोडावं लागलं.

ती फोटोकॉपीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहू लागली. खाली दिवसभर यंत्रांची घरघर चालायची. एका कंपनीत तिला दुसऱ्यांच्या खेळांतल्या चुका शोधायचं काम होतं. माणूस भिंतीतून आरपार जातो का, दार उघडल्यावर परत लागतं का, हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. सुट्टीच्या दिवशी मात्र ती मला घडवायला बसायची. माझ्यातला आईचा आवाजसुद्धा तिचाच आहे. बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून ती डोक्यावरून पांघरूण घ्यायची, माइक तोंडाशी धरायची आणि आईसारखी स्वतःलाच रागवायची. मग घामाघूम होऊन पांघरुणातून बाहेर यायची.

माझ्यात तीन प्रसंग आहेत. पहिल्यात तुम्ही एका स्टुलावर उभे असता. ताईची आई शाळांचे गणवेश शिवायची. मुलींच्या फ्रॉकचा घेर बघायला घरात मुलगी नव्हती, म्हणून ती आपल्या लेकालाच फ्रॉक घालून स्टुलावर उभं करायची. "पाच मिनिटं हलू नकोस रे, टाचणी लागेल," असं म्हणायची. मग लांब जाऊन, मान वाकडी करून बघायची आणि हसायची. "किती गोड दिसतंय माझं ध्यान!" ताईला तिच्या सगळ्या लहानपणात सगळ्यात सुखाचं काही वाटलं असेल तर ते तिथे, टाचण्यांच्या मधे. या प्रसंगात खेळणाऱ्याने काहीच करायचं नसतं. बटणाला हात लावला की टाचणी टोचते. तुमच्यासारख्या वळवळ्यांचं घोडं इथेच अडतं.

दुसऱ्या प्रसंगात ती गाडी येते. ताईचे बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला तरी मास्तर गाडी थांबवू शकतात. बाबांनी ताईला मोकळ्या मैदानात गाडी शिकवली ती याच भरवशावर. "तू बिनधास्त चालव. ब्रेक माझ्याकडेपण आहे." माझ्यातही ते अगदी तसंच म्हणतात.

तिसरा प्रसंग संध्याकाळचा आहे. आई शिलाई मशीनपाशी, बाबा हातात चहाचा कप घेऊन खुर्चीत, आणि ताई खोलीच्या मधोमध. ती दोघांना सांगते की मी मुलगी आहे, आणि यापुढे मुलगी म्हणूनच राहणार आहे. आई आधी हसते. मग रडते. मग म्हणते, "लोकांना काय तोंड दाखवू मी? माझा मुलगा म्हणून राहायचं तर राहा. नाहीतर जा." आणि बाबा? बाबा मूग गिळून बसून राहतात. मग ताईला दाराकडे न्यायचं, कडी काढायची आणि जिना उतरायचा, हे काम खेळणाऱ्याचं. सगळ्यात खालच्या पायरीवर हवा तितका वेळ थांबता येतं. वरून कोणी येत नाही. तिथे मी संपतो.

माझ्यातलं संगीत ताईच्या मैत्रिणीने केलं. तिच्या चष्म्याच्या काचा भलत्याच जाड, म्हणून सगळे तिला सोडा म्हणायचे, सोडावॉटरच्या बाटलीवरून. हा शेवट काही तिच्या पचनी पडला नाही.

"अगं, एक तरी शेवट असा कर ना, की बाप उठतो," ती म्हणाली.

"उठला नव्हता."

"गेम आहे गं हा! गेममध्ये माणसं हवेत उडतात, तुझ्या बापाला साधं उठता येत नाही?"

"उडवणं सोपं असतं," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सोडाला माहीत नसलेली एक गोष्ट मी तुम्हाला सांगतो. एका सुट्टीच्या दुपारी ताईने बाबांना उठवलं होतं. कप खाली ठेवणारा हात, खुर्चीच्या दांड्यांवर टेकलेले तळवे, गुडघा धरून सरळ होणारी पाठ, अशी चित्रामागून चित्रं तिने काढली. बाबा उभे राहिलेले तिने एकदाच पाहिले. मग चेहऱ्यावरून हात फिरवला आणि ती चित्रं कुठल्याही बटणाला न जोडता तशीच ठेवून दिली. आमच्यात हे नवीन नाही. काढलेलं आणि न वापरलेलं असं बरंच काही प्रत्येक खेळाच्या पोटात पडून असतं. फक्त जे बटणाला जोडलेलं नाही, ते आम्हाला दाखवता येत नाही.

मी लोकांसमोर आलो तेव्हा माझं कौतुक झालं, खोटं कशाला बोलू? वर्तमानपत्रवाले आले. कोणी नाकं मुरडली, "असले विषय कशाला?" म्हणून. पण कितीतरी जण खेळ संपल्यावर डोळे पुसत उठले. काही जण ताईला मिठी मारून म्हणाले की आमच्याही घरी असंच झालं. ताई सगळ्यांशी नीट बोलायची, आणि बोलता बोलता दाराकडे बघायची. ती कोणाची वाट बघते, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ठाऊक होतं.

आणि एक दिवस ते आले.

नव्या खेळांचं मोठं प्रदर्शन होतं. ताई जेवायला गेली होती आणि माझ्यापाशी सोडा बसली होती. एक साधेसे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सोडाने त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडे गाडी शिकायला एक पोरगी येते," ते म्हणाले. "ती म्हणाली, मास्तर, त्या गेममधले बाबा डिट्टो तुमच्यासारखे बोलतात. म्हटलं, बघू तरी."

"बसा ना काका," सोडा म्हणाली. तिने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि बटणं दाखवली. आपण खेळात कोण आहोत हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

त्यांनी कंट्रोलर स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी गच्च धरला. स्टुलाच्या प्रसंगात ते बिलकूल हलले नाहीत. फ्रॉककडे बघत राहिले. मैदानात आल्यावर मात्र खुलले. समोर खड्डा आला तसं त्यांनी बटण दाबलं, गाडी थांबली, आणि ते खूश होऊन म्हणाले, "बघा, वेळेवर मारला की नाही ब्रेक!" त्यांना वाटलं, आपण बाजूला बसलेले मास्तर आहोत. आयुष्यभर ते त्याच सीटवर बसले होते, त्यांना दुसरं काय वाटणार?

मग ती संध्याकाळ आली. आई "नाहीतर जा" म्हणाली. खुर्चीतल्या माणसाला उठवायचं म्हणून त्यांनी पुढे जायचं बटण दाबलं, आणि ताई दाराकडे एक पाऊल सरकली. ते दचकले. आणखी जोरात दाबलं. ताई आणखी सरकली. ते जितकी घाई करत, तितकी ती त्यांच्यापासून लांब जात होती. पाय जमिनीवर दाबत, होती नव्हती ती सगळी बटणं त्यांनी दाबली. कडी निघाली. ताई बाहेर पडली.

"अहो मॅडम, हा उठत का नाही?"

"कोण?"

"हा! खुर्चीतला. परत लावा."

सोडाने परत लावलं. परत तेच झालं. मागे उभे असलेले लोक चुळबुळ करू लागले, पण मास्तरांना कशाचंच भान नव्हतं. मित्रांनो, त्यांच्या अंगठ्यांचा जोर मला कळत होता. उठणारे बाबा माझ्या पोटात होते, आणि त्यांच्या हातात एकही असं बटण नव्हतं जे तिथवर पोचेल. इतका लाचार मी पूर्वी कधी नव्हतो आणि पुन्हा कधी झालो नाही.

शेवटी सोडाच्या लक्षात आलं. "काका, बाबा आपल्या हातात नाहीत. तुम्ही ती मुलगी आहात."

"मी... मुलगी?"

"हो. बाबा फक्त बसून राहतात."

त्यांनी कंट्रोलर नीट धरला. मग हळूच म्हणाले, "आणखी एकदा लावा."

या वेळी त्यांनी बटणांवरून बोटं उचलली. ताईला हलवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. पण खेळणारा जागचा हलला नाही, की माझ्यातली आई पुन्हा पुन्हा म्हणते, "जा म्हटलं ना." ते ऐकत राहिले. मग स्वतःच तिला दारापर्यंत नेलं, एकेक पायरी सावकाश उतरवलं आणि खालच्या पायरीवर उभं केलं. मान वर करून ते त्या रिकाम्या जिन्याकडे बघत बसले.

"किती वेळ थांबायचं?"

"कितीही थांबा, काका. कोणी येत नाही."

"जिने हे केलं, ती कुठे असते?"

"इथेच असते. आत्ता येईल. बसा की."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "नको. शिकवणीची वेळ झाली," म्हणाले, आणि कंट्रोलर टेबलावर अलगद ठेवून गेले.

ताई आल्यावर सोडाने सगळं सांगितलं. ती धावत फाटकापर्यंत गेली आणि एकटीच परत आली. संध्याकाळी दालन रिकामं झालं तेव्हा तिने घरी फोन लावला. सोडालाही ऐकू यावं म्हणून फोन माझ्याशेजारी टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"हॅलो," बाबांचा आवाज आला.

"बाबा, मी बोलतेय. तुम्ही आज आला होतात ना?"

मग त्यांच्यामागून आईचा आवाज आला, मी ओळखतो तसाच. "कोणाचा फोन आहे हो?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "राँग नंबर."

फोन बंद झाला. ताई रडली नाही. सोडाच रडली. चष्मा पुसत म्हणाली, "त्यांना उठायचं होतं गं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"गेममध्ये उठायचं होतं," ताई म्हणाली. "घरात नाही." आणि तिने माझ्या तारा गुंडाळायला घेतल्या.

त्यानंतर ताईने मला क्वचितच उघडलं. ती दुसरे खेळ करू लागली, चांगले झाले म्हणे. नवे संगणक आले आणि त्यांना मी कळेनासा झालो. एक जुना संगणक तेवढा मला सांभाळत होता, तो तिने या वाचनालयाला देऊन टाकला. तेव्हापासून मी इथे धूळ खात पडलो आहे. दुपारी खोली रिकामी असते, पंखा फिरत असतो, आणि मला त्या माणसाची आठवण येते. त्यांचा राग येतो. कीवही येते. एवढा जिवाचा आटापिटा केलेला माणूस दोन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा पुन्हा खुर्चीतच बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की मला जपा, मला पुसा, असं म्हणतात. माझं तसं काही मागणं नाही. मला नाही उघडलंत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी चाचरत, घाबरत स्वतःबद्दल काही सांगत असेल, तर त्याचं बोलणं होईपर्यंत त्याच्याकडे बघा. त्याला कोणी जा म्हणालं, तर उठा. आम्ही लहान आहोत, आम्हाला कोण विचारतं, असं म्हणाल. उठायला कोणी विचारावं लागत नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही, तर नुसतं जाऊन त्याच्या आणि दाराच्या मधे उभे राहा. मोठे आपोआप तुमच्याकडे बघतील.

मला हे करता आलं नाही. मी खेळ आहे, जोडलं असेल तेवढंच मला जमतं. तुमचे पाय तुमचेच आहेत.