बुधवारचा उपवास

माझं नाव शांती. हे नाव ठेवणाऱ्या माझ्या आत्यालाही आता त्याचं हसू येतं. रोह्यातल्या एका हॉस्पिटलात अठरा वर्षं मी लोकांचं रक्त काढते. शीर सापडली नाही की पेशंट माझ्यावर खेकसतो आणि पटकन सापडली की डॉक्टरांना हात जोडतो. त्यामुळे पेशंट आणि डॉक्टर, दोन्ही जमातींबद्दल माझं मत काही फार बरं नाही.

त्यात गेल्या वर्षी पेणहून डॉक्टर सुशील आले. पेणला त्यांचं मधुमेहाचं क्लिनिक, भिंतभर सर्टिफिकिटं. आमच्या हॉस्पिटलशी त्यांनी करार केला आणि दर बुधवारी रोह्यात सव्वीस बायकांवर संशोधन सुरू झालं. मधुमेहाने माणसाची किडनी जाते, डोळे जातात, पाय जातो. रात्रीचं इन्सुलिन थोडं थोडं वाढवत नेलं तर हे लांबवता येतं का, असा विषय. विषय चांगलाच होता. विषयाला कोण नावं ठेवतंय? मी माणसाला ठेवते.

हा माणूस गाडीतून उतरला की आधी बुटाला माती लागली का ते बघायचा, मग पेशंटकडे. म्हातारी बाई समोर बसलेली असायची आणि हा तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलणार, 'या लोकांना कळत नाही हो.' अरे बाबा, या लोकांना ऐकू येतं! पण बोलायचं कुणी? डॉक्टर म्हटला की आमच्याकडे लोक चपला बाहेर काढून आत येतात.

पेशंटना द्यायचं मराठी पत्रक त्यांनी शहरातून कुणाकडून तरी करून आणलं होतं. छान गुळगुळीत कागद. त्यात छापलं होतं, 'तपासणीच्या दिवशी दहा तासांचा उपवास करून यावे.' मी ते वाचलं आणि मला काही खटकलं नाही, हे आत्ताच कबूल करते. सकाळी बायका रांगेत आल्या की मी विचारायची, 'उपवास हाय ना गो?' त्या म्हणायच्या, 'व्हय.' मी फॉर्मवर बरोबरची खूण करायची. पुढची.

नियम असा होता की बुधवारची उपाशीपोटीची साखर एकशे तीसच्या वर आली, तर रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट वाढवायचं. आणि साखर दर बुधवारी वरच! वरश्याच्या पुढच्या वाडीतली सीताबाई घ्या. अंगाची काडी झालेली, दिवसभर वालाच्या शेतात वाकलेली बाई, आणि तिची उपाशी साखर दोनशे दहा, दोनशे तीस. दहा युनिटवर सुरू झालेली ती चार महिन्यांत चाळीसवर पोचली. नवरा गोविंदा तिला मोटरसायकलवर आणून सोडायचा आणि बाहेर तंबाखू मळत बसायचा. ती मला म्हणायची, 'पहाटेला अंगाला घाम सुटतो गो. हात लटलट कापतात. चहा-भाकर पोटात गेली की बरा वाटतो.' मी सुई लावता लावता 'हूं' म्हणायची. मागे रांग असायची ना!

गंमत म्हणजे तिची तीन महिन्यांची सरासरी साखर अगदी झकास, निरोगी माणसासारखी. सरासरी चांगली आणि बुधवारची सकाळ वाईट. कुणालाही वाटलं असतं की पाणी कुठंतरी मुरतंय. डॉक्टर सुशीलना वाटलं, आपल्याला शोध लागला. इथल्या शेतकरी बायकांच्या शरीरात पहाटे काहीतरी वेगळंच घडतं म्हणे. त्याला त्यांनी लांबलचक नावही दिलं. वर आणखी एक शोध. मुसलमान बायकांची बुधवारची साखर कमी निघायची, तर तो म्हणे वांशिक फरक! हा फरक ते परदेशात परिषदेत मांडणार होते. मला म्हणाले, 'शांतीबाई, रोह्याचं नाव होणार.' मी म्हटलं, 'होऊ दे.'

मग एका बुधवारी रक्त देऊन झाल्यावर सीताबाईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. 'घे गो. तुजा पण उपवास असंल. मी खाऊन आलंय घरून, ह्यो तुज्यासाठी.'

डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. वर ओलं खोबरं, कडेला रताळ्याच्या गोड चकत्या.

मी म्हटलं, 'सीताबाय, सकाळी ह्यो खाऊन आलीस?'

'मग? उपवास ना ह्यो? भाकरीचा तुकडा नाय घेतला तोंडात, देवाशपथ. एक केळा खाल्ला न् चहा घेतला. त्यो चालतो.'

मी बाहेर बाकावर गेले. एकेकीला विचारलं. वऱ्याचे तांदूळ, साबुदाणावडा, राजगिऱ्याचे लाडू, खजूर! एकीने तर नव्या वर्षापासून बुधवार धरला होता, डॉक्टरांनी सांगितलेला वार म्हणून. शेवटी आमना बसली होती, ओठ सुकलेले, शीर सापडायची मारामार. ती म्हणाली, 'रोजा केलाय ना मी. पहाटे साडेचारला खाल्ला, मंग पाण्याचा थेंब नाय.' म्हणजे एकीकडे खिचडी आणि दुसरीकडे रोजा, आणि मधे डॉक्टरांचा वांशिक फरक. मी तिथेच कपाळावर हात मारला. चार महिने मी त्या फॉर्मवर खुणा करत होते आणि माझ्या घरी काय दर चतुर्थीला उपाशी राहतात? मीसुद्धा खिचडीच खाते.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते लॅपटॉपवरून मान वर न करता हसले. 'वाटीभर खिचडीने काय होतंय? पाच-सहा जणींनी खाल्लंही असेल. चार महिन्यांचा डेटा आहे, निबंध पाठवून झालाय. तुम्ही रक्त काढा शांतीबाई, विचार करायला आम्ही आहोत.'

विचार करायला म्हणे! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. ठरवलं, पुढच्या बुधवारी याच्या तोंडावर खरे आकडे फेकायचे. आदल्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस जणींना फोन लावले. 'रातच्या जेवणानंतर काय म्हणजे काय नाय. चहा नाय, केळा नाय, खिचडी नाय. नुसता पाणी.' प्रत्येकीला दोनदा म्हणून घेतलं. सगळा वेळ डोळ्यांपुढे डॉक्टरांचं पडलेलं तोंड होतं, आणि मला फार मजा वाटत होती.

सीताबाई फोनवर घुटमळली. 'अगो, पहाटेला मना कायतरी खाऊ लागतं. नायतर डोल्यापुढं काळोख येतो.'

'एक दिवस काढ कळ,' मी म्हटलं. 'मरत नायस.'

चाळीस युनिट. अठरा वर्षं या कामात आहे मी. तेवढं इन्सुलिन टोचून उपाशी राहिलेल्या हाडकुळ्या बाईचं काय होतं, हे मला न कळायला मी काय कालची पोर आहे? पण ते डोक्यात आलंच नाही. डोक्यात सुशील होता.

बुधवारी सीताबाई नऊला आली. गोविंदा म्हणाला, 'गाडीवर दोनदा कलंडली, झोप नाय झाली वाटतं.' मी बघितलं तर ब्लाउज घामाने चिंब, नजर भलतीकडेच. 'सीताबाय' म्हणून हाक मारली तर माझ्याकडे बघून आपल्या बैलाचं नाव घेतलं आणि बाकावरून सरळ खाली आली. बोटाला टोचून बघितलं, साखर अडतीस. सत्तरच्या खाली गेली की धोका.

तोंडात काही घालता येत नव्हतं, दातखीळ बसलेली. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई धावल्या. शीर मी शोधली. शोधली म्हणजे तिसऱ्या टोचणीला सापडली. ग्लुकोज भराभर चढवलं. ती काही मिनिटं मी जन्मात विसरायची नाही. गोविंदा दाराशी उभा राहून सारखं विचारत होता, 'ताई, काय झालं? काय खायाला देऊ का तिला?'

ती शुद्धीवर आली. बाकीच्या सगळ्यांना मी तोवर ओरडून ओरडून बिस्किटं खायला लावली होती. कुणाचंही रक्त घेतलं नाही.

डॉक्टर सुशील अकराला उगवले. वडखळला ट्रॅफिक होतं म्हणे. हकीकत ऐकून पहिला प्रश्न काय, तर 'पत्रकाबाहेरची सूचना कुणी दिली?' मी म्हटलं, 'मी.' ते म्हणाले, 'मग झालं तर. अहवालात लिहा, कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे.' मी लिहिलं. माझी चूक होतीच, ती पहिल्या ओळीत माझ्या नावासकट लिहिली. खाली खिचडी लिहिली, रताळं लिहिलं, रोजा लिहिला, सव्वीस जणींचे इन्सुलिनचे आकडे लिहिले आणि कागद संशोधनाच्या नीतिसमितीला थेट पाठवला. चार दिवसांत काम बंद पडलं. डॉक्टर आता मला ओळख दाखवत नाहीत. मोठंच नुकसान झालं माझं!

पण त्या दुपारी मी सीताबाईच्या खाटेशी गेले होते. माफी मागायला गेले होते, आणि मला माफी मागायची सवय नाही. तिनेच माझा हात धरला. हाताला सलाईन, ओठ पांढरे.

'रक्त घेतलंस का गो?' तिने विचारलं.

'नाय.'

'म्हंजे फुकट गेला,' ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'तू एवढा फोन करून सांगितलास, न् मना एक दिवस कळ काढता आली नाय. रागावू नको. फुडल्या बुधवारी नीट करीन.'