सत्यसाखळीचा कौल

इसवी सन २०२५, फेब्रुवारी महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी अकराची वेळ. स्थळ छत्रपती संभाजीनगर, जालना रस्त्यावरील एका मंगल कार्यालयाचे दालन. पैठणहून सकाळच्या एस.टी. गाड्यांनी आलेल्या दीडशे विणकरांना खुर्च्या पुरल्या नव्हत्या. मागची माणसे भिंतीला टेकून उभी होती, आणि सर्वांच्या नजरा व्यासपीठावरच्या एका मोबाइलवर खिळल्या होत्या.

तो सुदर्शनभाऊंच्या हातात होता; पैठणी अस्सल की बनावट हे सांगणारी 'सत्यसाखळी' नावाची संगणकी नोंदवही ते विणकरांना विकत होते. अंगात भगवे जाकीट, गालापाशी मायक्रोफोन आणि वाणीला कीर्तनाचा ठेका. समोरच्या टेबलाखाली त्यांचा लॅपटॉप उघडा होता.

"मायबापहो, माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो. साखळी खोटं बोलत नाही. जगातल्या एक्कावन्न संगणकांत आपली सत्यसाखळी या क्षणी जागी आहे. सिंगापुरात आहे, दुबईत आहे. तिच्यात जे उतरलं ते ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही."

टेबलावरच्या जांभळ्या पैठणीला चौकोनी ठिपक्यांची छापील चिठ्ठी बांधलेली होती. त्यांनी तिच्यावर मोबाइल धरला. शंख वाजला, पडदा हिरवा झाला आणि अक्षरे उमटली: अस्सल पैठणी, हातमाग.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतील दगडाबाईंनी उठून मोबाइलला हात लावला आणि तो कपाळी नेला.

"नारळ आणायचा राहिला की," मागून कचरू म्हणाला.

"गप रं. पाप लागंल," शेजाऱ्याने त्याला ढोसले.

व्यासपीठावर गळ्यात हार घालून प्राध्यापक फारूख बसले होते. एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेक संगणकांनी एकाच नोंदवहीवर एकमत कसे करावे, या म्हणजे ब्लॉकचेनच्या प्रश्नावर त्यांनी सहा वर्षे खर्चून प्रबंध लिहिला होता. त्यातले एक वाक्य त्यांच्या डोक्यामागच्या फलकावर हातभर अक्षरांत झळकत होते: 'साखळीत झालेली नोंद कोणासही गुपचूप बदलता येत नाही.' वाक्य खरे होते. खाली त्यांची सही होती, तीही खरी होती. महिन्यापूर्वी सुदर्शनभाऊ घरी आले, त्यांनी फारूखसरांना शाल पांघरली आणि प्रबंधाची पृष्ठसंख्या बिनचूक सांगितली. प्रबंध लिहिल्यापासूनच्या बारा वर्षांत विद्यापीठाबाहेरच्या एकाही माणसाने त्या ग्रंथाचे नाव काढले नव्हते. फारूखसर विरघळले. ही साखळी चालते कशी, ते एकदा दाखवा, एवढेदेखील त्यांनी म्हटले नाही.

तेवढ्यात सरूबाई पायऱ्या चढून वर आल्या. साठी उलटलेली बाई. चाळीस वर्षे मागावर बसून खांदे पुढे झुकलेले. त्यांनी गाठोडे सोडून मोरपंखी पैठणी टेबलावर ठेवली.

"माझं बी बघा. आठ महिनं लागल्यात."

सरूबाईंनी चिठ्ठीची फी भरली नव्हती, त्यामुळे पैठणीला चिठ्ठी नव्हती. सुदर्शनभाऊंनी तिच्यावरून मोबाइल फिरवला. घंटा वाजली, पडदा लाल झाला: नोंद नाही. बनावट.

दालनात कुजबुज उठली. विणकर मंडळाचे अध्यक्ष पुंजाराम खाली मान घालून म्हणाले, "सरूबाई, ठराव झालाय. हिरवी खूण नसंल ते लुगडं प्रदर्शनात मांडायचं नाय. मंडळाच्या यादीत नाव बी राहायचं नाय."

"चाळीस वर्षांचं नाव, पुंजाराम."

"माझ्या हातात काय हाय? साखळीनं सांगितलं."

सरूबाई फारूखसरांकडे वळल्या. "साहेब, तुमी शिकलेले. ह्यात माझं लुगडं खोटं कसं निघालं?"

उत्तर त्यांना पहिल्या क्षणीच ठाऊक होते. ज्या यंत्राला धागा दिसत नाही, त्याला पैठणी कळणे शक्य नाही. पण गळ्यात हार होता आणि मागे सही होती.

"नोंद राहिली असेल, मावशी," ते म्हणाले.

पैठणात पदर दाखवतात तो आधी उलटा; हातमागाची नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते, यंत्रमागाच्या कापडाला मागून कापलेले धागे लोंबतात. सरूबाईंनी आपल्या पैठणीचा पदर उलटून पसरला. पदरावरचा मोर मागूनही जसाच्या तसा होता. मग हिरवी ठरलेली जांभळी पैठणी उलटली. मागे धाग्यांचे केसाळ जंजाळ होते.

हे दीडशे लोकांनी पाहिले. त्यांच्यातला एकही माणूस बाजारात उलटी बाजू पाहिल्याशिवाय कापडाला हात लावत नसे. आज सकाळपासून ती कोणी पाहिली नव्हती, आणि आता पाहूनही कोणी बोलेना.

"माय, धागा फसवतो," सुदर्शनभाऊ मधाळ स्वरात म्हणाले. "साखळी फसवत नाही. हे मी नाही, डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलंय. विचारा त्यांना."

सगळ्या माना फारूखसरांकडे वळल्या. आपले खरे वाक्य त्या बाईच्या उरावर बसले आहे, हे त्यांना तेव्हा दिसले. ते उठले. जांभळ्या पैठणीची चिठ्ठी त्यांनी सोडवली, समोरच्या पाण्याच्या बाटलीला बांधली आणि मोबाइल मागून घेऊन तिच्यावर धरला.

शंख वाजला. अस्सल पैठणी, हातमाग.

"बाटलीचा पदर कुठंशी हाय?" कचरूने विचारले. हशा पिकला.

"खोडसाळपणा आहे हा," सुदर्शनभाऊ म्हणाले. "एक्कावन्न संगणक साक्षीला आहेत."

"मग हा एक झोपला तर बिघडणार नाही," असे म्हणून फारूखसरांनी टेबलाखालच्या लॅपटॉपचे झाकण मिटले आणि पुन्हा मोबाइल धरला. शंख नाही, घंटा नाही. नुसते एक चक्र फिरत राहिले.

"नेटवर्कचा प्रॉब्लेम..." सुदर्शनभाऊ म्हणाले.

"दुबईला फोन लावा की, भाऊ," मागून कचरू ओरडला.

फारूखसर मायक्रोफोनशिवाय बोलले. "खऱ्या साखळीत प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. मागचं एक अक्षर बदललं की पुढची खूण जुळत नाही. शिवाय ती वही अनेक परक्यांकडे असते, म्हणून लबाडी उघडी पडते. इथं वही एकच आणि ती यांच्या लॅपटॉपात. पण समजा, साखळी खरी असती, तरी ती लिहिलेलं फक्त जपते. लिहिलेलं खरं का, हे तिला कळत नाही. खोटं लिहिलं तर ती खोटंही तितकंच जपेल. चिठ्ठ्या यांनीच छापल्या, नोंदी यांनीच केल्या. माझं वाक्य खरं होतं. ते कशासाठी वापरलं जातंय, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. कोण लिहितो, काय पाहून लिहितो, आणि उलटी बाजू कशी आहे. माझी सहीसुद्धा तपासल्याशिवाय मानू नका."

पुंजारामांनी उभे राहून ठराव मागे घेतल्याचे सांगितले. सुदर्शनभाऊ लॅपटॉप काखोटीला मारून दाराकडे निघाले, तेव्हा चिठ्ठ्यांची फी भरलेली माणसे दारातच उभी होती.

फारूखसर खाली उतरले. सरूबाई पैठणीची घडी घालत होत्या.

"मावशी, माफ करा. तुमची पैठणी अस्सल आहे."

सरूबाईंनी गाठ मारून मगच वर पाहिले.

"ते मला ठावं व्हतं, साहेब. मी इचारलं तवा तुमाला बी ठावं व्हतं. त्यो लबाड हाय, त्याचा धंदाच त्यो. तुमी जाणते असून गप बसले. तुमचा गुन्हा मोठा."

फारूखसरांनी मान हलवली. त्यांनी ते मान्य केले.