हजर नऊ

आर्ट्सच्या वर्गात साठ मुलं होती, पण जपानी घेतलेली फक्त नऊ. त्यांना तिसऱ्या मजल्यावरची, जुने नकाशे ठेवायची अरुंद खोली मिळाली होती. मुंगी आणि टिटवी पहिल्या दिवसापासून खिडकीजवळच्या बाकावर बसत. मुंगी बुटकी आणि कामाला चिकट, टिटवीच्या तोंडाला विसावा नाही. नावं वर्गानेच ठेवली होती.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे सेन्सेई म्हणत. शाळेत येण्याआधी त्यांनी कारखान्यात दुभाष्याचं काम केलं होतं, त्यामुळे नोंदींच्या बाबतीत त्या काटेकोर. वर्गाची एक वही होती. ज्याची पाळी असेल त्याने फळा पुसायचा, तास सुरू होताना सगळ्यांना उभं करून कमरेतून वाकायला लावायचं आणि वहीत जपानीत तीन ओळी लिहायच्या: तारीख, हवा, हजर किती. सेन्सेई खाली सही करत आणि तो आकडा ऑफिसात जाई. सलग तीन दिवस कोणी आलं नाही की कारकून घरी फोन करत. आठवडा झाला की सेन्सेई स्वतः घरी जाऊन येत. दोन मुलांना त्यांनी असं परत आणलं होतं.

दुसरं सत्र सुरू होता होता टिटवीची आई जिन्यावरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. वडील नव्हतेच. मामाचं घर बसने चार तासांवर. आईला तिकडे न्यायचं ठरलं, आणि आईबरोबर टिटवी आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ.

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे," टिटवी निघायच्या आदल्या दिवशी शाळेच्या जिन्यात म्हणाली. "पण ऑफिसातून फोन गेला ना, की मामाला आयतं निमित्त मिळेल. म्हणेल, एवढी शाळा बुडतेय तर नावच काढून टाकू."

"मग?"

"मग काय. हजर नऊ."

"आणि सेन्सेई? आठ डोकी मोजायला त्यांना दुर्बीण लागते का?"

"सही करताना त्या कधी वर बघतात? आणि हे बघ, माझी वहीसुद्धा तूच भर. वहीचे गुण आहेत. माझं अक्षर तुला येतं. शेपटी तेवढी विसरू नकोस."

प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ टिटवी गरजेपेक्षा लांब ओढत असे. सेन्सेई त्यावरून तिला रोज बोलत आणि ती रोज तशीच ओढी.

इतिहास आणि मानसशास्त्राच्या तासाला अडचण नव्हती. साठ जणांत आवाज बदलून "हजर" म्हटलं की भागत होतं. जपानीच्या खोलीत मात्र आठही जणांनी साथ द्यायला हवी होती, आणि त्यांनी ती दिली. पाळी कोणाचीही असो, आकडा नऊच. सेन्सेई सही करत, वर बघत नसत. पहिल्या आठवड्यात आकडा लिहिला की सगळे चोरून सेन्सेईंकडे बघत. तिसऱ्या आठवड्यात सवय झाली.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन. टिटवीचा फोन आईच्या उशाशी असे आणि तो मामी उचले. कधीमधी टिटवी फोनवर आली तरी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. "येतेयस ना?" असं मुंगीने विचारलं की ती म्हणे, "बघू." स्वतः जाऊन यावं असं मुंगीच्या मनात दोनदा आलं. पण शाळेतली पोर दारात दिसली की मामा चौकशी करणार आणि सगळं बाहेर पडणार, या भीतीने ती थांबली. त्याऐवजी ती लिहीत राहिली.

आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ती रोज संध्याकाळी दोन वह्या मांडी. प्रत्येक अक्षर आठ चौकटींत आठदा. आधी स्वतःच्या वहीत, मग टिटवीच्या, लांब शेपटीसह.

"एक अभ्यास दोनदा करतेस," आई दोरा ओवता ओवता म्हणाली. "पहिल्यांदा डोक्यात शिरत नाही की काय?"

"मैत्रिणीची वही आहे."

"आणि मैत्रीण काय करते?"

मुंगीने पुढच्या अक्षराची शेपटी ओढली. आईनेही मग मशीन सुरू केलं.

त्याच सुमाराला इतिहासाच्या सरांनी एका बंद पडलेल्या गिरणीचं शंभर वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक वर्गात वाचायला दिलं. "यावरून कामगार कळतील असं समजू नका," सर म्हणाले. "ते ठेवणाऱ्याला काय दाखवायचं होतं, ते कळेल." मुंगीने ते वाक्य दोन्ही वह्यांत उतरवून घेतलं.

वर्षाच्या शेवटी हॉल तिकिटं आली, नऊच्या नऊ. जपानीच्या वहीचे गुण लागले, त्यात टिटवी वर्गात दुसरी होती. मुंगीने तिचं हॉल तिकीट ऑफिसातून मागून घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानात ठेवलं. जागा राखली होती, पाच महिने. आता फक्त टिटवीने येऊन बसायचं होतं. रविवारी पहिल्या बसने मुंगी निघाली.

दार टिटवीनेच उघडलं. कडेवर भाऊ, खांद्यावर ओला टॉवेल. ती वाळली होती, आणि चक्क गप्प होती. आतल्या खोलीतून आईने कोण आलंय म्हणून विचारलं. "शाळेतली," टिटवी म्हणाली आणि पायरीवर येऊन बसली.

मुंगीने वही तिच्या मांडीवर ठेवली. टिटवीने हॉल तिकीट पाहिलं, बाजूला ठेवलं आणि पानं उलटू लागली. सुरुवातीची पानं ती ओठ हलवत वाचत गेली. सहाव्या धड्यानंतर तिचं बोट मंदावलं, आणि एका ओळीवर थांबलं.

"हे काय आहे?"

"पोस्ट ऑफिस. रस्ता विचारायचा धडा आहे."

टिटवीने आणखी दहाबारा पानं उलटली आणि परत त्या ओळीवर आली. "अक्षर माझंच आहे गं," ती म्हणाली. "पण मला वाचता येत नाही."

"मी शिकवते. अजून बारा दिवस आहेत."

"बारा दिवसांत पाच महिने?" टिटवी जराशी हसली. मग भावाच्या नाकाला टॉवेल लावत म्हणाली, "मी रोज वाट बघायचे. कारकुनांनी फोन नाही केला तर सेन्सेई तरी येतील. त्या आल्या असत्या तर मला परत पाठवायला मामाला नाही म्हणता आलं नसतं. नंतर वाटलं, मी नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नसेल."

"पण तूच म्हणाली होतीस ना, नऊ लिही."

"पंधरा दिवसांसाठी म्हणाले होते. पुढचं फोनवर कसं सांगणार? मामी शेजारी उभी असायची."

आतून आईने हाक मारली. टिटवी उठली. हॉल तिकीट तिने मुंगीच्या हातात परत दिलं. वहीची मागची पानं कोरी आहेत का ते पाहिलं.

"ही राहू दे. आईच्या औषधांच्या वेळा लिहायला होईल."

सोमवारी मुंगीची पाळी होती. तिने फळा पुसला, सगळ्यांना उभं केलं, वाकायला लावलं. वहीत तारीख लिहिली, हवा लिहिली आणि खाली लिहिलं: हजर आठ.

सेन्सेईंनी पेन टेकवलं आणि त्या थांबल्या. वर न बघता म्हणाल्या, "मी दुसऱ्याच दिवशी मोजलं होतं. तुम्ही आठ जण इतक्या मनापासून तिची जागा धरून बसला होतात. म्हटलं, येईलच ती. आपण कशाला मोडता घाला."

"तिला वाटत होतं, तुम्ही याल," मुंगी म्हणाली.

सेन्सेईंनी वही मिटली. त्या दिवशी तिच्यावर सही झाली नाही.