नळीची जाडी

सुपडूची नोकरी त्याची नव्हती, बंदुकीची होती. लूमवरचं काम सुटल्यावर साठीच्या माणसाच्या हातात बमरोलीत कुणी झाडूही दिला नसता. पण बापाची लायसनवाली एकनळी बारा बोर नावावर झाली होती, म्हणून जवळच्या सचिन गावातल्या एका मिलच्या गेटवर तो गनमॅन झाला. पगार बंदूक मिळवते, हे फक्त तिला नेऊन-आणून सोडतात, असं त्याची बायको भागीरथी म्हणायची.

त्याला कामावर ठेवणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीत नवा साहेब आला. येत्या रविवारी प्रत्येकानं आपल्या बंदुकीतून एक बार काढून दाखवायचा, नाहीतर जागा सोडायची, असं त्यानं सांगितलं. सुपडूनं आजवर बार काढला नव्हता. घरी येऊन त्यानं नळीवरून बोट फिरवलं, तर मधेच कुठंतरी खोलगट लागलं. नळी तिथं पातळ असली तर बार तोंडावर फुटणार.

नळीची जाडी मोजेल असं माप बाजारात मिळेना. सुपडूनं ते घरीच जुळवलं. लूमचा जाड गज टेबलाला आडवा आवळला, त्याच्या टोकाला बेअरिंगची गोळी बसवली, आणि बरोबर तिच्या डोक्यावर भंगारातून आणलेलं, वर्कशॉपात माप घेतात तसलं, खाली दांडी असलेलं काट्याचं घड्याळ. घड्याळाची दांडी गोळीला टेकली की काटा शून्यावर. मग नळी गजावर गवसणीसारखी चढवायची. मधे जेवढं लोखंड येईल तेवढा काटा चढेल. हे सगळं जुळवताना तो शीळ घालत होता. भागीरथीला उगाच बरं वाटलं.

तिनं नळी धरली, तो हळूहळू सरकवत गेला. काटा वर होता, वरच राहिला, आणि मग घसरला.

"काटा खाले गया," तो म्हणाला.

पुढं सरकवली की चढायचा, मागं आणली की पुन्हा घसरायचा. टिकलीएवढ्या जागेत लोखंड कागदासारखं झालं होतं.

भागीरथीनं ती जागा लगेच ओळखली. दर दसऱ्याला ती हळद-कुंकवाचं ओलं बोट तिथंच टेकवायची, सासू टेकवायची तिथंच. त्याखाली गंज धरायचा. पुढच्या दसऱ्याआधी ती तो पॉलिशपेपरनं घासून काढायची, आमची बंदूक बघा कशी आरशासारखी, असं गल्लीभर सांगायची. लग्न होऊन आल्यापासून तिनं एक दसरा चुकवला नव्हता. देवसुद्धा तिनं इतके मन लावून घासले नव्हते.

"आखो मोजा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा मोजलं. काटा तिथंच.

सुपडूनं त्या जागेवर अंगठा ठेवला. मागच्या दसऱ्याची लाली अजून तिथं होती, त्यालाही दिसली असणार. बापाची बंदूक म्हणजे अस्सल माल, असलं लोखंड आता पाहायला मिळत नाही, हे त्यानं जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं होतं.

"लोखंडच हलकं व्हतं, भागा," तो म्हणाला. "पहिलेपासून."

तिनं नळी गजावरून उतरवली. काही बोलली असती तर त्यानं एवढं दिलेलं तेही वाया गेलं असतं.

रविवारी तो बंदूक पोलीस चौकीत जमा करून आणि खाकी शर्ट एजन्सीत परत देऊन आला. मग मापासमोर बसून राहिला. गजावर चढवायला आता काही नव्हतं. शेजारचे लूम चालू होते, भिंती हादरत होत्या, आणि काटा शून्यावर थरथरत होता.