फुटका फरा

"चुकली माझी गोळी," घोड्याएवढं मूस हरीण झाडीत दिसेनासं झालं तसा ओस्मो म्हणाला. "चला कॉफीला."

आणि गेले की सगळे! शिकारी टोळीचा प्रमुख बोलला म्हणजे विषय संपला. बार झाला की लागला म्हणा नाहीतर चुकला म्हणा, कुत्रं घेऊन जागेवर रक्ताचा माग बघायचाच, हा आमच्या काइनूच्या जंगलातला बापजाद्यांपासूनचा रिवाज. शेकोटीवर सॉसेज भाजणाऱ्यांपैकी एकालाही तो आठवू नये, याचा मला अजून संताप येतो.

उठली ती एकटी एइला. शाळेची बस चालवणारी, साठीला टेकलेली विधवा. सकाळीच तिनं ओस्मोला टोकलं होतं. त्याची रायफल नवी, थ्री-थर्टी-एट मॅग्नम, आणि तीत हलकी, वेगवान गोळी. हिची नवऱ्याच्या वेळची नऊ पॉइंट तीनची, गोळी जड आणि संथ.

"तुझी गोळी पोचेपर्यंत मूस म्हातारा होईल गं," ओस्मो म्हणाला होता.

"इथं झाडीत जवळून मारायचंय. तुझी हाडावरच फुटेल. गोळी आत जायला हवी, ओस्मो."

तेव्हा सगळे हसले होते.

दिवस कलताना दलदलीपलीकडून एकच बार ऐकू आला. मोडक्या पायानं दिवसभर फरफटलेल्या मुसाला एइलानं आणि तिच्या तुइस्कु कुत्रीनं गाठलं होतं.

शेडमध्ये कातडी सोलायचं काम माझं. एइलाची गोळी छातीतून आरपार गेली होती. ओस्मोच्या गोळीचा फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडावर भुगा झालेला. मांस काळंनिळं, शिशाच्या कणांनी भरलेलं. मी त्याला बोलावून दाखवलं.

"नशीब असतं एकेकाचं," तो म्हणाला. कुणाचं नशीब, मेल्या? मुसाचं?

मग वाटणी. मांसाचे ढीग मांडायचे, प्रमुखानं पाठ करून उभं राहायचं, मी एकेका ढिगावर बोट ठेवायचं आणि त्यानं न बघता वाटेकऱ्याचं नाव घ्यायचं. फेकायचा तो फरा मी रागानं एका वाट्याच्या जागी ठेवला. त्याच्याच तोंडून त्याचं नाव निघावं, एवढंच मनात होतं.

"हा कुणाचा?"

"एइलाचा."

ओस्मो वळला, त्यानं फरा पाहिला आणि त्याची मान खाली गेली.

"माझा वाटा घे," तो पुटपुटला.

"कशाला? ह्याच्यामागं मीच गेले होते."

तिनं फरा पोत्यात घातला, खांद्यावर टाकला आणि तुइस्कुला घेऊन बाहेर पडली. थोड्या वेळानं शेडमागून खड्डा खणणाऱ्या फावड्याचा आवाज येऊ लागला. तो थांबेपर्यंत आपला ढीग कुणी उचलला नाही.